एकच सिनेमा, घरात चार मतं

दिवाळीच्या सुट्टीत घर भरलं की पंढरपूर तालुक्यातल्या करकंबमध्येही रात्रीची जेवणं उरकून सगळे टीव्हीसमोर बसतात. खोली एक, पडदा एक, सिनेमा एक. तो संपल्यावर आजी म्हणते, "चांगला होता गं, सगळ्यांनी मिळून बघावा असा." काकांना तो मधे फार ताणलेला वाटतो. कॉलेजात जाणारी नात "ठीक होता" एवढंच म्हणते. धाकट्यानं तर मध्यंतरानंतर मोबाइल हातात घेतलेला असतो. कुठला गेम खेळतोयस, कसा आहे, असं विचारलं की तो सांगतो, "भारी आहे. पण हल्ली नुसता वैताग येतो." मग रोज का खेळतोस, या प्रश्नाला मात्र त्याच्याकडे उत्तर नसतं.

इथे दोन कोडी आहेत. सगळ्यांनी एकच सिनेमा पाहिला, तर मतं चार कशी? आणि ज्या खेळाचा वैताग येतो, तो हातातून सुटत का नाही? ही मतं आपण सहज बोलून जातो आणि सहज विसरतोही. पण त्यांच्याच आधारावर आपण तिकिटं काढतो, मुलांना मोबाइल देतो किंवा काढून घेतो. म्हणून ती तयार कशी होतात, हे समजून घेणं उपयोगाचं आहे.

मत एका गोष्टीचं नसतं

करकंबची बाजार आमटी सोलापूर जिल्ह्यात नावाजलेली आहे. तिच्यात एकच डाळ नसते. वेगवेगळ्या डाळी एकत्र शिजतात, त्यावर काळा मसाला आणि तिखटाचा तवंग. वाटीत भाकरी कुस्करून पहिला घास घेतला की चव कळते, पण त्यातली हरभऱ्याची किती आणि मसुराची किती, हे सांगता येत नाही. सिनेमाबद्दलचं मतही असंच एकजीव होऊन आपल्यापर्यंत येतं. "आवडला" म्हणताना आपल्याला वाटतं की आपण सिनेमाबद्दल बोलतोय. त्यात सिनेमा असतोच, पण आणखी निदान चार गोष्टी मिसळलेल्या असतात: शेवट कसा झाला, सोबत कोण होतं, आधी काय ऐकलं होतं आणि ती गोष्ट आपल्या किती ओळखीची होती. खेळाच्या बाबतीत पाचवी गोष्ट येते, आणि ती सगळ्यांत फसवी आहे. एकेक करून पाहू.

आठवणीत कळस आणि शेवट उरतो

अडीच तासांच्या सिनेमातला प्रत्येक क्षण आपण मनात साठवत नाही. मग "कसा होता?" या प्रश्नाचं उत्तर मेंदू कुठून काढतो?

डॅनियल कानेमन, बार्बरा फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना हात थंड पाण्यात बुडवून धरायला सांगितलं. एकदा १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० सेकंद. दुसऱ्यांदा तेवढेच ६० सेकंद आणि त्याला जोडून आणखी ३० सेकंद. या जादा ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. म्हणजे त्रास संपला नव्हता, थोडा कमी झाला होता. यातला कुठला अनुभव पुन्हा घ्याल, असं विचारल्यावर बहुसंख्य लोकांनी दुसरा निवडला. हिशेबानं त्यात त्रास जास्त होता, पण शेवट बरा होता.

यातून निघालेला नियम असा: अनुभवाचा एकूण भाव ठरवताना आपण सगळ्या क्षणांची बेरीज करत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचा क्षण, या दोहोंचा हिस्सा मोठा असतो. अनुभव किती लांब होता, याला त्या मानानं फारसं महत्त्व राहत नाही.

सोलापूर जिल्ह्याला हा नियम समजून घ्यायला लांब जावं लागत नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याची नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. चित्रपटाचा पहिला मोठा भाग अजय-अतुल यांच्या गाण्यांनी भरलेला, विहिरी, उसाचे फड आणि पोरांच्या थट्टामस्करीचा. शेवटच्या काही क्षणांत मात्र संगीत थांबतं, आवाजच नाहीसा होतो आणि प्रेक्षक त्या शांततेत अडकतो. पडद्यावरच्या मिनिटांचा हिशेब केला तर आनंदाची मिनिटं कमी नाहीत. पण सिनेमा पाहिलेल्या माणसाशी आज बोलला, तर तो दोन गोष्टी सांगेल: एक 'झिंगाट' हे गाणं आणि दुसरी तो शेवट. कळस आणि अखेर. ज्याच्या मनावर पहिल्या गोष्टीची छाप जास्त, तो म्हणतो, "पुन्हा बघू." ज्याच्या मनावर दुसरीची, तो म्हणतो, "एकदा पाहिला, पुन्हा नाही बघवत." दोघांनीही सिनेमा मन लावून पाहिलेला असतो आणि दोघांचंही म्हणणं खरं असतं.

खेळातही हेच घडतं. तासभर मजेत खेळलेला मुलगा शेवटच्या डावात नेटवर्क अडकल्यामुळे हरला, तर मोबाइल बाजूला टाकताना "फालतू गेम आहे" म्हणतो. ते मत त्या तासाचं नसतं, शेवटच्या दोन मिनिटांचं असतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळायला बसला, तर त्याला खोटं ठरवण्याचं कारण नाही.

शेजारी कोण बसलंय?

मानवी हास्याचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असं आढळलं की माणूस एकटा असताना हसतो, त्याच्या सुमारे ३० पट जास्त तो इतरांच्या सोबतीत हसतो. विनोद तोच असतो, पण हसू येणं न येणं बऱ्याच अंशी भोवतालच्या माणसांवर ठरतं. म्हणून जो विनोदी सिनेमा थिएटरात पोट धरून हसवतो, तोच मोबाइलवर कानात इयरफोन घालून एकट्यानं पाहिला की "एवढा काही खास नाही" वाटतो.

सोबत फक्त हसूच वाढवते असं नाही. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना चॉकलेट चाखायला दिलं. शेजारचा माणूस त्याच वेळी तेच चॉकलेट चाखत असेल, तर चांगलं चॉकलेट अधिक चांगलं लागलं. पण कडू चॉकलेट अशाच सोबतीत अधिक वाईट लागलं. दोघं एकमेकांशी बोलतही नव्हते. समोरचाही हेच अनुभवतोय, एवढ्या जाणिवेनं आपलं लक्ष त्या गोष्टीवर जास्त खिळतं आणि जे काही वाटायचं ते गडद होतं.

जत्रेतल्या तंबूत, टुरिंग टॉकीजमध्ये, जमिनीवर बसून सिनेमा पाहिलेली पिढी त्या सिनेमांबद्दल इतक्या प्रेमानं का बोलते, याचं एक उत्तर इथे सापडतं. पडद्याला सुरकुत्या होत्या, आवाज फाटत होता, पण शेकडो माणसं एकाच वेळी हसत आणि रडत होती. २०२३ मध्ये केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला, तेव्हा राज्यभर बायका गटागटानं, ठरवून, नटूनथटून थिएटरात गेल्या. सहा बहिणींची आणि मंगळागौरीची ती गोष्ट मैत्रिणींसोबत पाहणं आणि नंतर घरी एकटीनं ओटीटीवर पाहणं, हे दोन वेगळे अनुभव आहेत. त्यातून दोन वेगळी मतं निघाली, तर नवल नाही.

कडू चॉकलेटचीही एक बाजू घरोघरी दिसते. एखादं दृश्य आपण एकट्यानं निवांत पाहिलं असतं, पण शेजारी वडील बसलेले असले की रिमोट शोधायची वेळ येते. कारण त्या क्षणी आपण ते दृश्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहत नसतो, वडिलांच्या डोळ्यांनी पाहत असतो. आजी जेव्हा "सगळ्यांनी मिळून बघावा असा" म्हणते, तेव्हा ती हेच सांगत असते, की तीन पिढ्या एका खोलीत असताना कुणालाही मान खाली घालावी लागली नाही. कौटुंबिक सिनेमाची ही एक मोलाची कसोटी आहे. मात्र ती सिनेमा किती चांगला आहे, हे मोजत नाही. सोबत किती निर्धास्त राहिली, हे मोजते.

लहानांना सायकल, मोठ्यांना कर्ज

मग सगळ्यांना एकाच वेळी धरून ठेवणारा सिनेमा बनतो कसा? उत्तम उदाहरण करकंबच्या तालुक्याच्या गावातलंच आहे. परेश मोकाशी दिग्दर्शित 'एलिझाबेथ एकादशी' १४ नोव्हेंबर २०१४ रोजी प्रदर्शित झाला. त्याची कथा मधुगंधा कुलकर्णी यांची, आणि ती पंढरपुरात घडते. वडील गेलेले, आई हातमेहनतीनं घर चालवणारी, कर्जाचे हप्ते थकलेले. मुलांची लाडकी सायकल, एलिझाबेथ, विकायची वेळ येते. ती वाचवण्यासाठी मुलं ऐन कार्तिकी एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचा गाडा लावतात. ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान या सिनेमाला तमिळ 'काक्का मुट्टई'सोबत विभागून मिळाला.

याची रचना पाहण्यासारखी आहे. आठ वर्षांच्या मुलाला गोष्ट कळते ती सायकलची: ती राहणार की जाणार? चाळीस वर्षांच्या बापाला गोष्ट कळते ती हप्त्याची. आजीला कळते ती एकटीनं संसार ओढणाऱ्या बाईची. तिघांसाठी तीन वेगळे सिनेमे केलेले नाहीत. एकाच घटनेचे तीन थर आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या वयाच्या थरावर उभा आहे. लहानाला मोठ्यांचा थर कळला नाही तरी त्याचं काही अडत नाही, आणि मोठ्याला लहानांचा थर बाळबोध वाटत नाही. ज्या सिनेमात मुलांसाठी नुसता गोंधळ आणि मोठ्यांसाठी नुसता उपदेश असतो, तिथे हे थर एकमेकांपासून सुटतात आणि अर्धं घर कंटाळतं.

पंढरपूर परिसरातल्या प्रेक्षकाला इथे आणखी एक गोष्ट मिळते. कार्तिकीची गर्दी, गल्ल्या, घाट, वारीच्या दिवसांत होणारी खरेदीविक्री त्यानं पाहिलेली असते. पडद्यावर ओळखीचं काही दिसलं की ते समजून घ्यायला मेंदूला कमी कष्ट पडतात, आणि हा सोपेपणा आपल्याला आवडीसारखा वाटतो. रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर येत राहिली, तरी ती अधिक आवडू लागते. त्यासाठी ती समजलेली असावी लागतेच असं नाही. मात्र पहिल्याच भेटीत नावडलेल्या गोष्टीला हा नियम नीट लागू पडत नाही, आणि अतिरेक झाला की कंटाळाही येतो.

'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. आज महाविद्यालयात असलेली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती, तरी त्यांना त्यातले संवाद पाठ असतात. सिनेमा चांगला आहेच. त्याच्या जोडीला टीव्हीवर तो इतक्या वेळा लागला आहे की त्यातल्या प्रत्येक माणसाशी आपली घरच्यासारखी ओळख झाली आहे. एखाद्या नव्या विनोदी सिनेमाची तुलना आपण त्याच्याशी करतो, तेव्हा एकदाच पाहिलेल्या गोष्टीची तुलना वर्षानुवर्षांच्या ओळखीशी होत असते. नव्याला ती जड जाणारच.

आधी काय ऐकलं होतं?

तिकीट काढण्याआधी आपण दोन ठिकाणी विचारतो: ओळखीच्या माणसाला आणि मोबाइलला. मोबाइलवर तारे, टक्के आणि दहापैकी गुण दिसतात. हे आकडे लोकांच्या मतांतूनच येतात, पण ती मतं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.

मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग फार बोलका आहे. १४,३४१ लोकांना इंटरनेटवर अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली आणि आवडतील ती उतरवून घ्यायला सांगितलं. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांची आठ वेगवेगळ्या गटांत वाटणी केली होती, आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी घेतलं, हे त्यांना दिसत होतं. आठही गटांची सुरुवात शून्यापासून झाली. गाणी तीच, माणसं सारख्याच प्रकारची, तरी प्रत्येक गटात वेगळी गाणी वर आली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा पहिली आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं नशीब मात्र सुरुवातीच्या काही श्रोत्यांनी काय निवडलं, यावर ठरलं. लोकांना जेवढं इतरांचं मत दिसलं, तेवढं लोकप्रिय आणि अप्रिय यांतलं अंतर वाढलं.

२०१३ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात संशोधकांनी लोकांनी लिहिलेल्या प्रतिक्रियांपैकी काहींना, कुठलीही पाहणी न करता, आरंभी एकच अनुकूल मत देऊन ठेवलं. शेवटी अशा प्रतिक्रियांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढलेले निघाले. पहिलं एक मत पुढच्यांचा हात धरून नेतं.

म्हणून शुक्रवारच्या पहिल्या खेळानंतर आलेल्या दोनचार पोस्टींना एवढं वजन येतं. कुणी "डोक्याला ताप आहे" म्हटलेलं ऐकून आपण सिनेमाला बसलो, तर संथ प्रसंगात आपल्याला ताप दिसतो. "हळूहळू चढतो" असं ऐकून बसलो, तर त्याच प्रसंगात आपण वाट पाहतो.

आकडे वाचतानाही थोडी सावधगिरी हवी. काही संकेतस्थळं सरासरी गुण देतात, काही अनुकूल मतांची टक्केवारी देतात. 'रॉटन टोमॅटोज' हे १९९८ पासूनचं संकेतस्थळ दुसऱ्या प्रकारचं. समजा, एका सिनेमाबद्दल १०० पैकी ९० जण म्हणाले, "बरा आहे." दुसऱ्याबद्दल ६० जण म्हणाले, "असा सिनेमा आयुष्यात पाहिला नाही," आणि ४० जण म्हणाले, "नाही पटला." टक्केवारीत पहिल्याला ९० आणि दुसऱ्याला ६०. पण तुम्हाला हेलावून टाकणारा सिनेमा बहुधा दुसरा असेल. शिवाय मत लिहायचे कष्ट जास्त करून तोच घेतो, ज्याला फार आवडलंय किंवा फार राग आलाय. "ठीक होता" म्हणणारे बहुतेक लोक काहीच लिहीत नाहीत.

खेळ: आवडणं वेगळं, हवंसं वाटणं वेगळं

आता धाकट्याच्या कोड्याकडे येऊ. सिनेमाला शेवट असतो. पडद्यावर नावं येतात, दिवे लागतात, मन हिशेब मांडून मोकळं होतं. मोबाइलवरच्या बहुतेक लोकप्रिय खेळांना असा शेवट नसतोच. एक डाव संपतो तिथेच दुसऱ्याचं बटण असतं. एक रँक मिळाली की पुढची दिसते, आणि हंगाम बदलला की चढण पुन्हा नव्यानं सुरू होते. जिथे शेवट नाही, तिथे मतही पक्कं होत नाही.

त्याहून महत्त्वाची, म्हणजे सुरुवातीला म्हटलेली ती फसवी पाचवी गोष्ट मेंदूत घडते. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीशी वाटणं, या मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. डोपामाइन नावाचं रसायन जवळजवळ नाहीसं केलेले उंदीर साखरेकडे स्वतःहून जात नसत. पण ती तोंडात घातली, तर त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीसारखाच आनंद दिसे. म्हणजे गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. याच्या उलटही होऊ शकतं: ओढ शाबूत, गोडी संपलेली. "वैताग येतो, पण खेळतो" या वाक्यातलं कोडं इथे सुटतं. मुलगा खोटं बोलत नाही, त्याला खरोखरच दोन्ही वाटतंय.

ही ओढ तयार होते ती अनिश्चिततेतून. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशींचं मोजमाप केलं. अवचित रस मिळाला की पेशी जोरात चेतत. दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकडाला कळलं, की त्या दिवा लागतानाच चेतू लागत आणि रस मिळाल्यावर शांत राहत. ठरल्या वेळी ठरलेलं बक्षीस मिळालं, तर मेंदूला त्यात नवं काही नसतं. कधी मिळेल हे माहीत नसलेलं बक्षीस मात्र दर वेळी नवं असतं. त्याच्याही आधी बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर हे पाहिलं होतं. दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल, तर कबूतर बटणावर चोच मारत राहतं, आणि दाणा बंद झाल्यावरही लवकर थांबत नाही.

खेळातली अनिश्चितता काही मोबाइलनं आणलेली नाही. वारकरी परंपरेत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट कवड्या टाकूनच खेळतात. त्यात सद्गुणांच्या शिड्या आहेत आणि दुर्गुणांचे साप आहेत. पुढची कवडी कशी पडेल हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून डाव रंगतो. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोचलेला 'लुडो किंग' नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा. त्याचं मर्मही फाशातच आहे. फरक असा, की पट घडी करून ठेवता येतो आणि समोरचा भिडू उठला की डाव मोडतो. मोबाइलवर भिडू कधी संपतच नाहीत.

नव्या खेळांत यावर आणखी थर चढवलेले असतात. ते ओळखता आले, तर खेळाबद्दलचं मत अधिक नेमकं होतं.

पहिला थर सोप्या सुरुवातीचा. 'पबजी मोबाइल'सारख्या खेळात १०० खेळाडू बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. नवख्याच्या पहिल्या सामन्यांत समोरचे बरेचसे खेळाडू माणसं नसतात, संगणकानं चालवलेले बॉट असतात. त्यामुळे विजय लवकर मिळतो आणि "मला जमतंय" असं वाटतं. दुसरा थर चढत्या पायऱ्यांचा: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस आणि सगळ्यात वर काँकरर. 'रँक पुश' करणारी मुलं याच पायऱ्यांबद्दल बोलत असतात. तिसरा थर अडवणुकीचा. 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव असतात आणि गेलेला एक जीव परत यायला अर्धा तास लागतो. थांबा, नाहीतर पैसे द्या, नाहीतर मित्राकडे मागा. चौथा थर पेट्यांचा. पैसे देऊन घेतलेल्या यूसीवर (खेळातल्या चलनावर) क्रेट, म्हणजे पेटी, उघडायची; आत कुठली स्किन (पोशाखाचं किंवा शस्त्राचं नवं रूप) निघेल ते नशिबावर. शुल्ट्झ यांच्या माकडाला अवचित मिळालेला रस तो हाच.

पाचवा थर माणसांचा आहे आणि तो खराखुरा मोलाचा आहे. चौघांच्या स्क्वाडमध्ये खेळणारी मुलं हेडफोनवर बोलत असतात, एकमेकांना वाचवत असतात, शाळेत भेटल्यावर त्याच डावाची चर्चा करतात. एखाद्या मुलाला "मोबाइल ठेव" म्हणून आपण अचानक उठवतो, तेव्हा तो तीन मित्रांना अर्ध्यावर सोडून उठत असतो. "हा डाव संपला की ठेव" एवढं म्हटलं, तर अर्धी भांडणं टळतात.

कायदा काय सांगतो?

गावगप्पांत बंदीबद्दलही ठाम मतं ऐकू येतात, म्हणून वस्तुस्थिती माहीत असावी. २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी मोबाइल'वर केंद्र सरकारनं बंदी घातली, ती माहितीची सुरक्षितता आणि देशाचं सार्वभौमत्व या कारणांवरून. मुलांना सवय लागते, हे तिचं कारण नव्हतं. जुलै २०२१ मध्ये त्याच धर्तीचा 'बीजीएमआय' आला. तो २०२२ मध्ये हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि इतरांना ६ तास अशी मर्यादा घालून. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या खेळांना मनाई केली. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ त्यातून वेगळे ठेवले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. पण नुसते तास मोजून तो ठरत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणं, हे साधारण वर्षभर दिसलं, तर त्याचा विचार होतो. सुट्टीत दोन दिवस भरपूर खेळलेल्या मुलाला व्यसनी म्हणणं चूक आहे. शाळा, जेवण, झोप आणि मित्र हे सगळं हळूहळू सुटत असेल, तर मात्र दुर्लक्ष करणंही तितकंच चूक.

सिनेमाच्या बाबतीत निवड सोपी करणारी एक सोय आता झाली आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सेन्सॉर प्रमाणपत्रातल्या 'यूए' या वर्गाचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. 'यू' म्हणजे सर्वांसाठी, 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. प्ले स्टोअरवर प्रत्येक खेळाच्या पानावरही ३+, ७+, १२+, १६+, १८+ असा वयाचा शिक्का असतो. खेळ मोबाइलमध्ये उतरवण्याआधी तो पाहायला दहा सेकंदही लागत नाहीत. मात्र हे शिक्के आशय वयाला साजेसा आहे का, एवढंच सांगतात. सिनेमा चांगला आहे की वाईट, किंवा खेळ किती ओढ लावेल, हे त्यांतून कळत नाही.

थोडक्यात: मत ऐकताना विचारायचे प्रश्न

- कुणासोबत पाहिला? थिएटरात गर्दीत, घरी सगळ्यांसोबत की एकट्यानं?
- शेवट बाजूला ठेवला, तर मधला भाग कसा होता?
- जाण्याआधी काय ऐकलं होतं? त्याहून चांगला निघाला की वाईट?
- गाव, भाषा, नट यांतलं ओळखीचं काय होतं? ते नसतं तरी आवडला असता?
- खेळाबद्दल: खेळताना मजा येते, की थांबल्यावर चुकल्यासारखं वाटतं?
- आकड्याबद्दल: ही सरासरी आहे की टक्केवारी? किती जणांनी मत दिलंय?

मत मागावं, निकाल नको

हे सगळं कळल्यावर सहज दिलेली मतं टाकाऊ ठरत नाहीत. उलट ती वाचता येऊ लागतात. आजीचं मत सिनेमा सोबतीनं पाहण्याजोगा आहे का, हे सांगतं. काकांचं मत सिनेमाच्या गतीबद्दल सांगतं. नातीचं "ठीक होता" बहुधा तिनं आधी ऐकलेल्या स्तुतीशी केलेली तुलना असते. प्रत्येकाचं मत आपापल्या प्रश्नाचं उत्तर असतं, फक्त तो प्रश्न मोठ्यानं विचारलेला नसतो.

मुलांच्या बाबतीत मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. "आवडला का?" असं विचारलं की मूल हो किंवा नाही म्हणतं आणि बोलणं तिथेच संपतं. "कुठल्या प्रसंगात तुला त्यातल्या कुणाच्या जागी असावंसं वाटलं?", "या गेममध्ये तू हरलास की काय होतं?", "ती पेटी उघडताना आत काय निघावं असं वाटतं?" असं विचारलं, की मूल कारणं शोधू लागतं. कारणं शोधायची सवय लागलेल्या मुलाला जाहिरातीनं, ताऱ्यांनी किंवा चकाकत्या पेटीनं सहज ओढून नेता येत नाही. ही सवय लावायला चित्रपटशास्त्र यावं लागत नाही की खेळात रँक मिळवावी लागत नाही. सिनेमा संपल्यावर टीव्ही बंद करून दहा मिनिटं बसायचं, आणि सगळ्यांत धाकट्याला आधी बोलू द्यायचं, कारण मोठे आधी बोलले की त्याचं मत त्यांच्या मतासारखंच होतं.